चॉकलेटने ताकद येते का?

ऑक्टोबर २००३ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरीच्या काही चॉकलेटांत अळ्या निघाल्याच्या तक्रारी आल्या. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यांची दखल घेतली आणि वर्तमानपत्रांचे रकाने भरून गेले. दुकानांत साठवण नीट होत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. तरीही तिने वेष्टन बदलले आणि २००४ मध्ये अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत आणून लोकांचा विश्वास परत मिळवला. त्या दिवसांत माझ्या दवाखान्यात येणारे पालक काळजीने विचारीत, ‘डॉक्टर, मुलाने कालच कॅडबरी खाल्ली, काही होणार नाही ना?’ या गोष्टीला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. पण त्याच वेष्टनाच्या आत साखर किती असते, हे मला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच पालकांनी विचारले आहे. अळी डोळ्यांना दिसते, साखर दिसत नाही. एवढाच काय तो फरक!

उलट माझ्या कानावर पडते ते असे: ‘पोळी-भाजी खातच नाही हो, म्हणून निदान चॉकलेट तरी देते. तेवढीच ताकद!’ आजचा लेख या ‘तेवढीच ताकद’बद्दल आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. चॉकलेटचा बार हे विष नाही, पण ते अन्नही नाही. तो खाऊ आहे. खाऊ म्हणून क्वचित दिला तर त्यात आनंद आहे. जेवणाऐवजी दिला तर मात्र मुलाची फसवणूक होते आणि आपलीही.

ही समजूत आली कुठून?

चॉकलेटचा आणि ताकदीचा संबंध लावण्यात लष्कराचा मोठा हात आहे. १९३७ मध्ये अमेरिकन लष्कराने हर्शी या कंपनीकडून सैनिकांसाठी एक खास बार तयार करून घेतला. वजन चार औंस, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम आणि उष्मांक, ज्याला आपण कॅलरी म्हणतो, ते ६००. त्यात एक गमतीची अट होती. बारची चव उकडलेल्या बटाट्यापेक्षा जेमतेम बरी असावी! चव चांगली असेल तर सैनिक तो आधीच खाऊन टाकतील आणि अडचणीच्या वेळी हाती काही उरणार नाही, असा हिशेब. म्हणजे हा बार उपाशी, दमलेल्या, मैलोन् मैल चालणाऱ्या माणसासाठी होता. आपला बाळ्या शाळेतून रिक्षाने घरी येतो आणि दूरदर्शन संचासमोर नाहीतर मोबाइल घेऊन बसतो. त्याला सैनिकाचा शिधा कशाला?

आपल्याकडे कॅडबरी कंपनी १९४८ मध्ये आली. १९६९ मध्ये फाइव्ह स्टार आला, सत्तरच्या दशकात अमूलची चॉकलेटे आली. आपल्या महाराष्ट्रात त्याच्याही आधी वालचंद हिराचंद यांच्या रावळगावच्या कारखान्याच्या गोळ्या घरोघरी पोहोचल्या होत्या. पण गोळीला कोणी ‘ताकद’ म्हटले नाही. ती गोळीच राहिली. चॉकलेटला मात्र जाहिरातींनी दूध, सुकामेवा आणि उत्साह यांची झालर लावली. आज ‘कॅडबरी’ हे कंपनीचे नाव न राहता वस्तूचेच नाव झाले आहे. ठाण्याचा कॅडबरी नाका ठाऊक नाही असा कोकणातला चाकरमानी विरळाच. गणपतीला गावी येताना त्याच्या पिशवीत चॉकलेटचा पुडा असतोच. त्यामागचे प्रेम मी नाकारत नाही. आपण फक्त पुड्याची मागची बाजू वाचू.

वेष्टनाची मागची बाजू

साध्या दुधाच्या चॉकलेटच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ५३० ते ५४० उष्मांक, ५५ ग्रॅमच्या आसपास साखर, ३० ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि सात-आठ ग्रॅम प्रथिने असतात. कंपनीगणिक आकडे थोडे पुढेमागे होतात, पण चित्र हेच राहते. आता ५० ग्रॅमचा एक बार घ्या. त्यात सुमारे २६५ उष्मांक आले. साखर २७-२८ ग्रॅम. त्यातली थोडी दुधातली असते. ती वजा केली तरी चहाचे सपाट सहा चमचे भरतील इतकी वरून घातलेली साखर उरते. स्निग्ध पदार्थ १५ ग्रॅम, म्हणजे तीन छोटे चमचे तूप. प्रथिने मात्र चार ग्रॅमच्या आसपास. लोह एक मिलिग्रॅमच्या घरात. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला १५ मिलिग्रॅम लोह हवे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात.

समजा आपण मुलाच्या हातात तीन चमचे तूप आणि सहा चमचे साखर कालवून वाटी दिली, तर आजी काय म्हणेल? पण तोच पदार्थ चकचकीत कागदात आला की आपण खिशात हात घालतो.

छोट्या बारचे वजन कमी असते, त्यामुळे त्यात साखरही त्या प्रमाणात कमी असते, हे खरे. पण ‘छोटाच आहे’ म्हणून तो रोज आणि कधी दिवसातून दोनदा दिला जातो. म्हणून आधी वजन वाचा आणि मग हिशेब करा.

कॅरॅमलच्या, वेफरच्या स्वस्त बारांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्या घटकांच्या यादीत पहिले नाव पाहा. कायद्याप्रमाणे जो घटक वजनाने सर्वांत जास्त, त्याचे नाव आधी छापावे लागते. बहुतेक ठिकाणी साखर पहिली असते आणि तिच्या पाठोपाठ वनस्पती चरबी किंवा पामतेल. कोकोचे लोणी महाग आणि आपल्या उन्हाळ्यात ते लगेच वितळते, म्हणून हा पर्याय. कोको यादीत बराच खाली सापडतो. त्याला चॉकलेट म्हणायचे ते चवीपुरतेच.

आणखी एक खुबी लक्षात ठेवा. वेष्टनावर ‘दैनंदिन गरजेच्या इतके टक्के’ असे छापलेले असते. ते टक्के दिवसाला २००० उष्मांक लागणाऱ्या प्रौढ माणसाचे आणि ५० ग्रॅम वाढीव साखर धरून काढलेले असतात. सात-आठ वर्षांच्या मुलाला १७०० उष्मांक पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की, अशी साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावी आणि पाच टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगले. पाच टक्के म्हणजे या मुलासाठी जेमतेम २१ ग्रॅम. एका बारात दिवसाचा कोटा संपून वर उधारी झाली! चहा, बिस्किटे, सरबत, जॅम ही मंडळी तर अजून रांगेतच उभी आहेत.

शाळेतली खिचडी आणि बार

ज्यांना टक्के आणि ग्रॅम कंटाळवाणे वाटतात, त्यांच्यासाठी एक सोपी तुलना. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा सरकारी निकष आहे. ५० ग्रॅमच्या बारात यातले निम्म्याहून अधिक उष्मांक आले, पण प्रथिने मात्र एक तृतीयांशच. म्हणजे भूक मेली, पण पोषण झाले नाही. संध्याकाळी पाच वाजता बार खाल्लेले मूल आठ वाजता ताटावर बसून तोंड वाकडे करते, याचे आश्चर्य वाटायला नको. आई म्हणते, ‘हा जेवत नाही म्हणून चॉकलेट देते.’ मी म्हणतो, ‘वहिनी, चॉकलेट देता म्हणून तो जेवत नाही.’

हे मी उगाच ताणून सांगत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ५४ टक्के होते. या मुलांच्या इवल्याशा पोटात जी जागा आहे, ती मौल्यवान आहे. ती डाळ, पालेभाजी, अंडे, मासळी यांनी भरायची की साखरेने, हा खरा प्रश्न आहे. दिसायला गुटगुटीत पण रक्त कमी, अशी मुले मी आठवड्याला पाहतो.

मग चिक्की दिली तर?

हा प्रश्न हमखास येतो. चिक्की आपली म्हणून ती निर्दोष, असे मी म्हणणार नाही. निम्मे शेंगदाणे आणि निम्मा गूळ धरला, तर ५० ग्रॅम चिक्कीत साधारण २४० उष्मांक, सहा ग्रॅम प्रथिने आणि वीस ग्रॅमच्या वर साखर आली. गुळात थोडे खनिज असते, पण शरीराच्या दृष्टीने गूळ ही साखरच आहे. प्रथिने बारच्या दीडपट, एवढा चिक्कीचा फायदा. आंबापोळी आणि फणसपोळीचेही तसेच. फळाचा गर आटवून, वर साखर घालून ती केलेली असते. एक तुकडा छान, अख्खी गुंडाळी नको.

खरा पर्याय याहून साधा आहे. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा एक लहान खडा. प्रथिने सात ग्रॅमच्या वर, उष्मांक दोनशेच्या आत आणि साखर जेमतेम एक चमचा. एक केळे. उकडलेले अंडे. कुळथाच्या पिठल्याबरोबर अर्धी नाचणीची भाकरी. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. हे सारे आपल्या घरात, नाहीतर रामआळीच्या दुकानांत मिळते. लहान मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नका. पाच वर्षांखालील मुलाच्या श्वासनलिकेत दाणा अडकू शकतो. त्यांना दाण्याचे कूट घालून केलेला छोटा लाडू द्या.

दातांचे काय?

दंतवैद्य नेहमी सांगतात की, साखर किती खाल्ली यापेक्षा कितीदा आणि केव्हा खाल्ली हे दातांना जास्त महत्त्वाचे. याचा पुरावा स्वीडनमधला आहे. १९४५ नंतरच्या काही वर्षांत तिथल्या विपेहोल्म नावाच्या मानसिक रुग्णांच्या संस्थेत एक प्रयोग झाला. कोणाला जेवणाबरोबर साखर दिली, कोणाला जेवणांच्या मध्ये चिकट टॉफ्या. जेवणाबरोबर खाणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत. टॉफ्या खाणाऱ्यांचे झपाट्याने किडले. त्या रुग्णांची संमती कोणी घेतली नव्हती. असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, देऊही नये. पण त्यातून मिळालेले ज्ञान वाया जाऊ नये. कॅरॅमलचा बार हा दातांच्या दृष्टीने टॉफीच. पुढे स्वीडनमध्ये ‘गोड खायचे ते शनिवारीच’ अशी प्रथा पडली आणि ती अजून टिकून आहे. मला ती आपल्याकडे आणण्यासारखी वाटते.

दोन गैरसमज

पहिला: ‘कडू चॉकलेट हृदयाला चांगले.’ कोकोतल्या काही द्रव्यांवर संशोधन झाले आहे, हे खरे. पण अमेरिकेत २१ हजारांहून अधिक वयस्कर लोकांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत कोकोच्या अर्काच्या गोळ्या दिल्या होत्या, बार नव्हे. त्यातही हृदयविकाराच्या एकूण घटनांत लक्षणीय घट आढळली नाही. आवडत असेल तर एखादी वडी खा; औषध म्हणून खाऊ नका.

दुसरा गैरसमज अधिक धोक्याचा. मधुमेहाचे काही रुग्ण साखर अचानक उतरली तर असावे म्हणून खिशात चॉकलेट ठेवतात. हात थरथरणे, घाम, डोळ्यांपुढे अंधारी अशा वेळी चॉकलेट कामाचे नाही. त्यातल्या स्निग्ध पदार्थांमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. अशा वेळी तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून घ्यावे आणि पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा घ्यावे. रुग्ण शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा.

नियम आहेत, पण...

सरकारने काहीच केले नाही असे नाही. साखर, मीठ किंवा चरबी जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्येच केला. आपल्या मुलाच्या शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटर चालून पाहा आणि वाटेत काय काय टांगलेले दिसते ते मोजा. टपरीवाल्यावर माझा राग नाही. जे खपते ते तो ठेवतो. त्याच टपरीवर उकडलेल्या शेंगा, केळी, काकडी खपू लागली तर तो तीही आनंदाने ठेवील.

दुसरीकडे करांचे पाहा. वस्तू व सेवा कर आला तेव्हा, जुलै २०१७ मध्ये, चॉकलेटवर २८ टक्के कर होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो १८ झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. चिक्कीवर आधीपासूनच ५ टक्के आहे. खाऊ स्वस्त झाला म्हणून कोणी तक्रार करणार नाही. पण मुलांच्या आरोग्याचा हिशेब या निर्णयात कोणी मांडला होता का, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. चिली देशात २०१६ पासून जास्त साखरेच्या पाकिटावर समोरच्या बाजूला काळा अष्टकोनी इशारा छापावा लागतो. तसा ठळक इशारा आपल्याकडेही हवा. मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचायला चष्मा लागतो.

ही बारीक अक्षरे वाचली तर काय होते, याचे उदाहरणही ताजे आहे. २०२३ मध्ये एका तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेबद्दल चित्रफीत काढली. कंपनीने त्याला कायदेशीर नोटीस धाडली आणि त्याने चित्रफीत मागेही घेतली. पण चर्चा थांबली नाही. वर्षअखेर कंपनीने वाढीव साखरेचे प्रमाण १०० ग्रॅमला सुमारे ३७ ग्रॅमवरून ३२ ग्रॅमवर आणले. ग्राहकाने विचारले की कारखान्यातले प्रमाण हलते. ही ताकद मात्र खरी!

घरी काय करावे?

मुलांना चॉकलेट बंद करा, असे मी सांगणार नाही. बंदी घातली की चोरून खाणे आले. पुढील गोष्टी मात्र जरूर कराव्यात.

१. आठवड्यातून एक दिवस चॉकलेटचा ठरवा. शनिवार म्हणा, रविवार म्हणा. मूल वाट पाहायला शिकते आणि गोडीही वाढते.

२. ते जेवणानंतर द्या, जेवणाआधी किंवा दोन जेवणांच्या मध्ये नको. नंतर चूळ भरायला लावा. रात्री झोपताना मुळीच नको.

३. मोठा बार घरात सर्वांनी मिळून खा. चार जणांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला दीड चमचा साखर येते.

४. दोन वर्षांखालील बाळाला चॉकलेट आणि वरून घातलेली साखर देऊच नका. बारशाला आलेल्या पाहुण्यांनाही हे गोड शब्दांत सांगा.

५. अभ्यास केला, रडणे थांबवले, इंजेक्शन घेतले म्हणून चॉकलेटचे बक्षीस देऊ नका. माझ्या दवाखान्यात मी मुलांना रंगीत खडू देतो. रडणे तेवढेच थांबते!

६. चौथीच्या पुढच्या मुलाला वेष्टन वाचायला शिकवा. ग्रॅमला चारने भागले की चमचे मिळतात. गणिताचा अभ्यासही होईल.

मुख्याध्यापकांना आणि शिक्षकांना एक विनंती. वाढदिवसाला वर्गभर चॉकलेट वाटण्याची प्रथा आता बदलावी. साठ मुलांच्या वर्गात वर्षातून किती दिवस चॉकलेट येत असेल, याचा विचार करा. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला एक केळे किंवा राजगिऱ्याचा लहानसा लाडू द्यावा. आणि चाकरमानी मंडळींनो, येत्या गणपतीत पुतण्या-भाच्यांसाठी चॉकलेटच्या पुड्याऐवजी गोष्टीचे पुस्तक किंवा चेंडू आणून पाहा. पहिल्या दिवशी त्यांची तोंडे थोडी हिरमुसतील. विसर्जनापर्यंत चेंडू अंगणात असेल आणि मुले जेवायला दोनदा हाक न मारता येतील. भूक लागलेल्या मुलाला ताटातली भेंडीसुद्धा गोड लागते.

(पुढील आठवड्यात: पावसाळा आणि पिण्याचे पाणी)